बोलोन्यात शिकायला येताय? पहिल्या दिवसांतले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची कराडची, इटलीतल्या बोलोन्यात मास्टर्सला आले त्याला आता दोन वर्षं होत आली. दर जुलै-ऑगस्टला माझा फोन वाजायला लागतो, कुणाचा मावसभाऊ येणार असतो, कुणाची मैत्रीण, कधी कधी थेट आई-बाबाच बोलतात, आणि प्रश्न साधारण तेच असतात. म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून ठेवावं. बाकी काही विसरलात तरी चालेल पण एक लक्षात ठेवा: इथे उतरल्यापासून कामाचे ८ दिवस मोजायचे आणि त्याच्या आत पेर्मेस्सोचा, म्हणजे इथे राहायच्या परवान्याचा, अर्ज पोस्टात द्यायचा. घर, बँक, सिम, कॉलेज सगळं थोडं पुढे-मागे झालं तरी निभावतं, हे नाही.

मुंबईहून बोलोन्याला यायचं कसं? मिलानला उतरू का थेट बोलोन्याला?

थेट विमान नाही. एक तर आखातातून किंवा युरोपातल्या एखाद्या मोठ्या शहरातून विमान बदलून बोलोन्याच्या मार्कोनी एअरपोर्टवर या, नाहीतर मिलानच्या माल्पेन्साला उतरा आणि पुढे ट्रेन पकडा. मार्कोनीवरून शहरात यायला मार्कोनी एक्सप्रेस नावाची मोनोरेल आहे, सात-आठ मिनिटांत मुख्य स्टेशनला सोडते. माल्पेन्साहून मिलानो चेंत्राले स्टेशनला ट्रेनने पाऊण-एक तास, तिथून फास्ट ट्रेनने बोलोन्या साधारण एक तास. फक्त पुढच्या ट्रेनचं तिकीट विमानाच्या वेळेला चिकटवून काढू नका, इमिग्रेशनची रांग आणि बॅगांची वाट बघण्यात दीड तास सहज जातो आणि स्वस्तातलं तिकीट दुसऱ्या गाडीला चालत नाही.

ॲडमिशन लेटर, इन्शुरन्स, राहायचा पत्ता, पैशांचे कागद हे सगळं हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नाही. पहिलं विमान फ्रँकफर्ट किंवा पॅरिसला उतरत असेल तर इमिग्रेशन तिथेच होतं. पासपोर्टवर शिक्का पडला का ते काउंटर सोडायच्या आधी बघून घ्या, तुमचे ८ दिवस मोजायला तीच तारीख लागते.

बोलोन्या चेंत्रालेला उतरलात की बाहेरच्या भिंतीवरचं घड्याळ १०:२५ दाखवत असतं. बिघडलेलं नाही ते. २ ऑगस्ट १९८० ला सकाळी १०:२५ ला याच स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये बॉम्ब फुटला आणि ८५ माणसं गेली, म्हणून ते घड्याळ तसंच ठेवलंय. मी पहिल्या दिवशी दोन बॅगा ओढत त्याच्याखालून गेले तेव्हा मला माहीत नव्हतं, नंतर कळलं तेव्हापासून तिथून जाताना एकदा वर बघितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

पेर्मेस्सो म्हणजे नक्की काय, आणि व्हिसा असताना ते कशाला?

तुमचा टाइप डी स्टुडंट व्हिसा हा आत यायचा परवाना. आत राहायचा परवाना वेगळा, त्याला पेर्मेस्सो दी सोज्जोर्नो म्हणतात, आणि त्याचा अर्ज इथे आल्यावर ८ कामाच्या दिवसांत करायचा असतो. तो क्वेस्तूरात म्हणजे पोलिसांच्या ऑफिसात जाऊन नाही, पोस्टात करायचा. सगळ्या पोस्टांत होत नाही, जिथे स्पोर्तेल्लो आमिको नावाची खिडकी असते तिथेच होतो.

तिथे जाऊन किट मागायचं, ते फुकट असतं. आत फॉर्म असतात, त्यातला मोदुलो १ आपण भरायचा, काळ्या पेनाने, मोठ्या अक्षरात, एका चौकटीत एक अक्षर. सोबत लागतं ते असं: पासपोर्टची झेरॉक्स (माझ्याकडे सगळ्या पानांची मागितली, कोऱ्या पानांचीसुद्धा), व्हिसाची झेरॉक्स, युनिव्हर्सिटीचं पत्र, हेल्थ इन्शुरन्स, पैसे आहेत याचा पुरावा, घराचा कागद. आणि १६ युरोची मार्का दा बोल्लो, म्हणजे आपल्या रेव्हेन्यू स्टॅम्पसारखं तिकीट. ते ताबाक्केरियात मिळतं, म्हणजे तंबाखू-सिगरेटचं दुकान, बाहेर मोठा 'टी' लावलेला असतो. हे दुकान नीट ओळखून ठेवा, बसचं तिकीटसुद्धा तिथेच मिळतं.

माझ्या वेळी खर्च असा झाला: मार्का १६, कार्डाच्या छपाईचे ३०.४६, एक वर्षापर्यंतच्या पेर्मेस्सोची फी ४०, पोस्टाचे ३०, मिळून ११६.४६ युरो. पहिल्या आठवड्यासाठी एवढे पैसे बाजूला काढूनच या.

आता माझं काय झालं ते सांगते, म्हणजे तुमचं होणार नाही. मी आपल्या सवयीप्रमाणे लिफाफ्यात सगळं भरून, जीभ फिरवून, चिकटवून नेलं. खिडकीतल्या बाईंनी लिफाफा हातात घेतला, उलटा केला, चिकटवलेली कड बघितली आणि न बोलता माझ्याकडे परत सरकवला. लिफाफा उघडाच द्यायचा असतो, त्या आतलं बघून, पासपोर्ट तपासून मग बंद करतात. मला तो फाडावा लागला, फाडताना फॉर्मचा कोपरा गेला, नवीन किट, नवीन फॉर्म, परत नंबर, आणि तो माझा सातवा दिवस होता. बाहेर येऊन पोर्तिकोच्या, म्हणजे छत असलेल्या फुटपाथच्या, खांबाला टेकून मी रडले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्ट उघडायच्या आधी जाऊन उभी राहिले आणि झालं काम. म्हणून सांगते तिसऱ्या-चौथ्या दिवशीच जा, म्हणजे एकदा परत पाठवलं तरी हातात दिवस राहतात.

पोस्टात दिलं, पुढे?

रिसीट मिळते. ती जीवापाड जपा, कार्ड येईपर्यंत तीच तुमचं पेर्मेस्सो. तिच्यावर यूजर आयडी आणि पासवर्ड असतो, त्याने ऑनलाइन स्टेटस बघता येतं. सोबत क्वेस्तूराची अपॉइंटमेंट मिळते, त्या दिवशी बोटांचे ठसे घेतात, चार पासपोर्ट फोटो आणि सगळी ओरिजिनल न्या. तारीख काही महिन्यांनंतरची आली तर घाबरू नका, सगळ्यांचंच तसं होतं.

मधे घरी जायचं असेल तर पासपोर्ट, व्हिसा आणि रिसीट घेऊन भारतात जाऊन येता येतं, पण व्हिसा संपला असेल तर वाटेत दुसऱ्या शेंगेन देशात (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) विमान बदलायचं नाही. दिवाळीला घरी जायला फ्रँकफर्टवरून स्वस्त तिकीट मिळतंय म्हणून काढू नका, दुबई-दोहावरून जा.

कोदीचे फिस्काले म्हणजे पॅन कार्ड का?

तसंच समजा. १६ अक्षरी नंबर, नाव, जन्मतारीख, जन्मदेश यावरून बनतो. आजेन्त्सिया देल्ले एन्त्राते म्हणजे इथलं टॅक्स ऑफिस, ते फुकट देतं. काहींना तो भारतात असतानाच मिळालेला असतो, तुमच्या कागदांत आधी शोधा. सिम, भाडेकरार, बँक, सगळीकडे हाच मागतात. आणि त्यात नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच आहे ना ते बघा. आपल्याकडे मधलं नाव म्हणजे वडलांचं नाव, ते पासपोर्टात कुणाचं कुठल्या रकान्यात असतं याचा नेम नसतो, आणि एका कागदावर आहे नि दुसऱ्यावर नाही असं झालं की पुढे दोन वर्षं प्रत्येक खिडकीवर तेच समजावत बसावं लागतं.

घर आधी बघून ठेवू का तिथे येऊन शोधू?

खरं सांगायचं तर बोलोन्यात सगळ्यात अवघड हेच आहे. शहर लहान, विद्यार्थी खूप, आणि सप्टेंबरला सगळे एकदमच शोधत असतात. माझं म्हणणं असं की निघायच्या आधी दोन आठवड्यांचं हॉस्टेल किंवा तात्पुरती खोली पक्की करा, आणि शोध मात्र मे-जूनपासून सुरू करा. सिंगल खोलीला ५०० युरोच्या पुढेच धरून चला. डबल म्हणजे दोघांत एक खोली, आणि जाहिरातीत पोस्तो लेत्तो लिहिलं असेल तर फक्त एक पलंग, खोली शेअरिंग. भाड्यात लाइट, गॅस, सोसायटीचा खर्च धरलाय का ते आधी विचारा, स्पेझे इन्क्लुझे म्हणजे धरलाय.

घर न बघता, व्हिडिओ कॉलवर माणूस आणि खोली न दाखवता कुणी आधी पैसे पाठवा म्हणालं तर एक पैसा पाठवू नका. 'मी सध्या परदेशात आहे, चावी कुरिअरने पाठवतो' हे वाक्य ऐकलं की तिथेच थांबायचं. माझ्या बॅचमधल्या एका मुलाचे दोन महिन्यांचं भाडं आणि डिपॉझिट असे सगळे गेले. फोटोतलं घर खरं होतं, पत्ता खरा होता, घरात राहणारे लोक मात्र वेगळेच, त्यांना काही माहीतच नव्हतं. तो बॅगा घेऊन त्यांच्या दारात उभा. त्या घरातल्या आजींनी त्याला आत बसवून पाणी दिलं, जेवायला घातलं, पण पैसे काही परत आले नाहीत.

करार लेखी हवा आणि तो टॅक्स ऑफिसात नोंदवलेला हवा. विद्यार्थ्यांसाठी ६ महिने ते ३ वर्षांचा वेगळा करार असतो. डिपॉझिटला कावत्सिओने किंवा काप्पारा म्हणतात, कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांचं भाडं. 'करार नको, भाडं कमी करतो' असं कुणी म्हणालं की त्याला इन नेरो म्हणतात, काळ्यातलं. पन्नास युरो वाचतात पण पेर्मेस्सोला घराचा कागद नाही, स्कॉलरशिपमध्ये घरापासून लांब राहणाऱ्यांना जास्त पैसे मिळतात त्याला कागद नाही, आणि मालकाने उद्या जा म्हटलं तर बोलायला तोंड नाही. शिवाय युरोपबाहेरच्या माणसाला घरात ठेवलं की मालकाने ४८ तासांत पोलिसांना कळवायचं असतं. मैत्रिणीकडे महिनाभर राहणार असाल तरी हा नियम आहे, तिला सांगा, आणि त्या कागदाची कॉपी स्वतःकडे ठेवा.

घरात आपल्यापेक्षा वेगळं काय असतं?

वीज. बहुतेक घरांना ३ किलोवॅटचंच कनेक्शन असतं. वॉशिंग मशीन, ओव्हन आणि पाण्याचा गिझर एकदम लावलात की फट्कन अंधार. घाबरायचं नाही, मीटरचा खटका कुठे आहे ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवायचं, काही बिल्डिंगांत तो खाली तळमजल्यावर असतो. आपला जाड तीन पिनांचा प्लग इथे बसत नाही, दोन बारीक पिनांचा मोबाइल चार्जर बसतो.

हीटिंग स्वतःच्या मनाने लागत नाही. बोलोन्या ज्या झोनमध्ये येतं तिथे १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल असाच काळ आहे. त्यामुळे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात घरात गारठा असतो आणि करण्यासारखं काही नसतं, एक चांगली जाड गोधडी आणा. मी खरंच आजीची गोधडी आणली, कपडे कमी आणले, आणि त्याचा मला अजून आनंद आहे.

बाथरूमची काळजी सगळ्यांना असते पण कुणी विचारत नाही. इथे प्रत्येक घरात बिडे म्हणजे बसून पाण्याने धुवायचं, नळ असलेलं भांडं असतं, १९७५ पासून कायद्यानेच सक्तीचं आहे. युरोपातल्या बाकी देशांत गेलेले मित्र कागदाचं रडगाणं गातात, आपल्याला इथे तो त्रास नाही.

आणि दोन शब्द, जे इटालियनच्या क्लासमध्ये शिकवत नाहीत पण बोलोन्यात रोज लागतात. तिरो म्हणजे खालचं दार वरून बटण दाबून उघडणं, मित्राकडे गेलात की खालून म्हणायचं 'मी दाई इल तिरो?'. आणि रुस्को म्हणजे कचरा. कचरा वेगळा करावाच लागतो, ओला, कागद, प्लास्टिक, काच, उरलेला. सेंटरमधल्या काही डब्यांना कार्डाशिवाय झाकणच उघडत नाही, ते कार्ड घरात कुठे आहे ते विचारून घ्या.

खायचं काय काय आणू? आई तूप आणि पेढे दे म्हणतेय.

काकूंना सांगा, तूप-पेढे नकोत. युरोपियन युनियनच्या बाहेरून सामानातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, त्यात तूप, खवा, पेढे, पनीर आणि मटण-चिकनचं काहीही आलं. सुकट-जवळा अशा मासळीचे नियम वेगळे आहेत पण वासामुळे बॅगेची जी अवस्था होते ती बघता मी तेही सुचवणार नाही. ताजी फळं, ताज्या भाज्या, कढीपत्ता हेही नाही. लोणी इथे उत्तम मिळतं, घरी कढवा, कराडच्या तुपाच्या जवळ जातं.

आणायचं ते म्हणजे मसाले. गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, घरचं तिखट, हिंग, आमसुलं, मेतकूट, भाजणी. हे इथे नाही मिळत. डाळ, तांदूळ, हळद, जिरं, रवा, अगदी पोहेसुद्धा मिळतात, स्टेशनच्या मागच्या बोलोन्यिना भागात बांगलादेशी-पाकिस्तानी दुकानं आहेत तिथे जा. तिथले दुकानदार आपल्याशी हिंदीत बोलतात, पहिल्या आठवड्यात तेवढ्यानेही बरं वाटतं.

कुकर छोटा तीन लिटरचा आणाच, आणि दोन जादा गास्केट. इथे पेन्तोला आ प्रेस्सिओने मिळते पण ती आपल्यासारखी शिट्ट्या मारत नाही, सगळं गणित चुकतं. घरातल्यांना मात्र आधी सांगून ठेवा. माझ्या पहिल्या शिट्टीला दक्षिण इटलीतल्या पुलियाची रूममेट बाथरूममधून केस ओले तसेच घेऊन धावत आली होती, आता तीच विचारते आज किती शिट्ट्या.

मी पूर्ण व्हेज आहे. जमेल का?

जमेल, पण बोलोन्या हे इटलीत जड खाण्याचं शहर म्हणून ओळखलं जातं, शहराचं टोपणनावच ला ग्रास्सा, लठ्ठ. नुसतं 'मांस नाही ना' विचारून भागत नाही. तोर्तेल्लीनीच्या आत डुकराचं मांस असतं, आणि ते ज्या पाण्यात येतात तो मांसाचा रस्सा. त्याच्यासारखेच दिसणारे मोठे तोर्तेल्लोनी असतात, त्यात बहुतेक वेळा रिकोत्ता चीज असतं, एका अक्षराचा फरक. पियादीना नावाची आपल्या पोळीसारखी दिसणारी भाकरी मिळते, तिच्या कणकेत परंपरेने स्त्रुत्तो म्हणजे डुकराची चरबी घालतात, क्रेशेन्तीना आणि तिजेल्ले या इथल्या दुसऱ्या भाकऱ्यांतही तेच. 'सेन्त्सा स्त्रुत्तो' विचारा, बऱ्याच ठिकाणी ऑलिव्ह तेलाची पियादीना वेगळी असते. आणि पार्मेजानो चीजमध्ये दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, ज्यांना हे चालत नाही त्यांनी लेबलवर काल्यो वेजेताले लिहिलेलं चीज घ्यावं. घरच्यांना हे सांगायचं का नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, पण तुम्हाला स्वतःला माहीत असलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

सुपरमार्केटमध्ये काही वेगळं?

फळं-भाजी उघड्या हाताने उचलायची नाही. तिथे प्लास्टिकचे पातळ हातमोजे ठेवलेले असतात, ते घालायचे, पिशवीत वांगी भरायची, वांग्यांच्या फळीवर एक नंबर असतो तो लक्षात ठेवायचा, वजनकाट्यावर पिशवी ठेवून तो नंबर दाबायचा, चिकटपट्टी बाहेर येते ती पिशवीवर लावायची. हे न करता कॅशवर गेलात तर मागची अख्खी रांग थांबते. कुणी रागावत नाही, पण आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं. काही ठिकाणी वजन कॅशवरच करतात, पुढचा माणूस काय करतोय ते बघा आणि तसं करा.

हेल्थ इन्शुरन्स कुठला घ्यायचा?

दोन रस्ते. सरकारी आरोग्यसेवेत नाव नोंदवायचं, त्यात फॅमिली डॉक्टर मिळतो, पण २०२४ पासून विद्यार्थ्यांसाठी त्याचे वर्षाला ७०० युरो झालेत (आधी दीडशेच्या आसपास होते), आणि वर्ष म्हणजे जानेवारी ते डिसेंबर, ऑक्टोबरला भरलेत तरी डिसेंबरलाच संपतं. दुसरा रस्ता खाजगी पॉलिसी, ती बरीच स्वस्त पडते आणि पेर्मेस्सोला चालते, पण साध्या तापखोकल्याला फारशी उपयोगी नाही. दमा, थायरॉइड, डायबेटिस असं काही चालू असेल तर ७०० जड वाटले तरी सरकारी घ्या. निरोगी असाल तर पहिले तीन महिने खाजगी आणि जानेवारीपासून सरकारी असं बरेच जण करतात. रोजची औषधं असतील तर भारतातून डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट आणा. इमर्जन्सीला ११२.

सिम आणि बँक?

सिमला पासपोर्ट आणि कोदीचे फिस्काले पुरतं, अर्ध्या तासाचं काम आहे. बँकेची घाई करू नका, पहिल्या महिन्यात भारतातलं फॉरेक्स कार्ड चालतं. स्कॉलरशिप मिळणार असेल तर स्वतःच्या नावाचं आयबान म्हणजे इथला बँक खात्याचा नंबर लागतो, तेव्हा उघडा.

इटालियन येत नाही, कोर्स इंग्लिशमध्ये आहे, चालेल ना?

वर्गात चालेल. पोस्टात, क्वेस्तूरात, घरमालकाशी, डॉक्टरकडे नाही चालणार. यायच्या आधी दोन महिने रोज अर्धा तास तरी शिका. आकडे, तारखा आणि स्वतःच्या नावाचं स्पेलिंग सांगता आलं पाहिजे. आणि दुकानात शिरताना बोन्जोर्नो म्हणा. आपल्याकडे दुकानात शिरलं की थेट 'दादा, अर्धा किलो द्या', इथे आधी नमस्कार, मग काम. तेवढ्या एका शब्दाने समोरचा माणूस बदलतो, हे मी रोज बघते. मोठ्यांशी लेई वापरायचं, आपल्या 'आपण'सारखं, मित्रांशी तू. इटालियनमध्येही 'तू'ला 'तू'च म्हणतात.

कॉलेजचे पहिले दिवस कसे असतात?

टाइमटेबलवर ९ लिहिलं असेल तर लेक्चर सव्वानऊला सुरू होतं, त्याला अकॅडमिक पंधरा मिनिटं म्हणतात. पण सगळेच सर तसे नसतात, पहिल्या दिवशी नऊलाच जा.

मार्क ३० पैकी, १८ ला पास, अगदी उत्तम असेल तर ३० ए लोदे, म्हणजे ३० आणि वर शाबासकी. बऱ्याच परीक्षा तोंडी असतात, प्रोफेसरांच्या समोर बसून, बाकीची मुलं मागे बसून ऐकत असतात. आपल्या व्हायव्हासारखं दहा टक्क्यांचं नाही, अख्खा विषय त्यावर. आणि बहुतेक ठिकाणी मार्क पटले नाहीत तर नाकारून पुढच्या तारखेला परत देता येते. आपल्याला हे पचायला वेळ लागतो. माझ्या पहिल्या तोंडीत मला २३ सांगितले, मी 'थँक्यू' म्हणून उठले, बाहेर आल्यावर कळलं की 'नको, परत देते' म्हणता आलं असतं.

तोंडीचा धसका घेऊ नका, फक्त मोठ्याने बोलून अभ्यास करा. ही युनिव्हर्सिटी १०८८ ची धरतात, कोपर्निकस इथे शिकून गेलाय, आणि १७३२ मध्ये लाउरा बास्सी नावाच्या बाईंना इथे पदवीही मिळाली आणि शिकवायला जागाही. वेळ काढून आर्किजिन्नाझिओ बघा, युनिव्हर्सिटीची जुनी इमारत, तिच्या भिंती-छतांवर शेकडो वर्षांच्या विद्यार्थ्यांची हजारो रंगीत मानचिन्हं आहेत, कुठून कुठून आलेली पोरं. मला तिथे पहिल्यांदा वाटलं की बाहेरून येऊन शिकणारी मी काही नवीन नाही.

सीनियर अझिनेल्ली मनोऱ्यावर डिग्रीच्या आधी चढू नको म्हणतील, चढलं की डिग्री मिळत नाही असा इथला समज आहे. ९७ मीटरचा आहे. शेजारचा गारिझेन्दा फार कलल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरपासून त्या भागाला कडं घातलंय.

स्कॉलरशिपचे कागद भारतातूनच आणायचे का?

हो, आणि हे मी ओरडून सांगते. एमिलिया-रोमान्या या आपल्या इथल्या प्रांतात एर-गो ही सरकारी संस्था स्कॉलरशिप, हॉस्टेल, मेस बघते. कुटुंबाचं उत्पन्न, घरातली माणसं, मालमत्ता, बँकेतली शिल्लक, हे सगळं दाखवायचं, इटालियन भाषांतर आणि अपोस्टिलसकट (कागद परदेशात चालावा म्हणून घ्यायचा सरकारी शिक्का). तहसीलदाराचा दाखला, सात-बारा, घरपट्टी, सगळं काढायला आपल्याकडे महिना-दीड महिना कुठेच जात नाही. उत्पन्न त्यांनी सांगितलेल्या कॅलेंडर वर्षाचं लागतं, जानेवारी ते डिसेंबर. आपलं एप्रिल ते मार्चचं आयटी रिटर्न दिलं की अडतं, तेव्हा दाखल्यावर तारखा नीट लिहून घ्या. आणि शेवटची तारीख तुम्ही विमानात बसायच्या आधीच येऊन गेलेली असू शकते, म्हणून जुलैत सूचना निघाली की त्याच दिवशी पूर्ण वाचा. सात-बारा इथल्या माणसाला कळत नाही, भाषांतर करणाऱ्याला गुंठे-हेक्टर समजावून सांगा.

शिकताना काम करता येतं?

आठवड्याला २० तास, वर्षाला १०४० पर्यंत. पण पहिल्या सेमिस्टरचा खर्च कामावर धरून येऊ नका. इटालियनशिवाय काम मिळायला वेळ लागतो.

बस, सायकल, संप?

सेंटरमध्ये सगळं चालत. बोलोन्यात छत असलेले फुटपाथ आहेत, पोर्तिको, मोजले तर सगळे मिळून ६२ किलोमीटर, २०२१ पासून युनेस्कोच्या यादीत. पावसात छत्री न उघडता घरापासून कॉलेजपर्यंत जाता येतं. बसमध्ये चढल्यावर कार्ड टॅप करायचंच, तपासनीस येतात आणि दंड चांगलाच बसतो. स्टेशनवर रीजनल ट्रेनचं कागदी तिकीट काढलंत तर गाडीत चढायच्या आधी मशीनमध्ये शिक्का मारा.

शोपेरो हा शब्द बोर्डावर दिसला की संप. आधी जाहीर करतात, बहुतेक शुक्रवारी असतो, आणि काही ठरलेल्या तासांत गाड्या चालतात. क्वेस्तूराची अपॉइंटमेंट असेल त्या दिवशी संप नाही ना ते आदल्या रात्री बघा. ४ ऑक्टोबरला सान पेत्रोनिओ, शहराच्या संताचा दिवस, ऑफिसं बंद.

सायकल जुनीच घ्या आणि कुलूप सायकलपेक्षा महाग घ्या.

(एका काकूंचा प्रश्न) मुलगी एकटी आहे, रात्री फोन नाही उचलला तर काय समजायचं?

काकू, उन्हाळ्यात आपण साडेतीन तास पुढे असतो आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार. तुमच्याकडे रात्रीचे साडेदहा म्हणजे तिच्याकडे संध्याकाळचे सहा, ती वर्गात असते. एक वेळ ठरवून घ्या, तुमची सकाळची नको, ती झोपेत असते, तुमची दुपारी साडेतीन-चारची चांगली. शहर सुरक्षित आहे, स्टेशनच्या आसपास आणि युनिव्हर्सिटीजवळच्या पियात्सा वेर्दी चौकाच्या बाजूला रात्री उशिरा जरा सांभाळून, मोबाइल-पाकीट पुढच्या खिशात. आणि पहिले दोन-तीन आठवडे ती फोनवर कमी बोलेल किंवा खूप रडेल, दोन्ही होतं. तिला 'परत ये' असं त्या दिवसांत म्हणू नका, 'आज काय जेवलीस' एवढं विचारा. माझी आई तेवढंच विचारायची, मला पुरायचं.

पहिल्या रविवारी सगळं बंद, कुणी ओळखीचं नाही. काय करू?

सान लुकाला चालत जा. पोर्ता सारागोत्सापासून टेकडीवरच्या देवळापर्यंत सलग छत असलेली वाट आहे, साधारण पावणेचार किलोमीटर, ६६६ कमानी. मेलोंचेल्लोच्या कमानीपर्यंत सपाट, तिथून चढ, आणि चढ चांगलाच आहे, सप्तशृंगीच्या पायऱ्या आठवतील. वाटेत आजी-आजोबा भेटतात, पळणारी पोरं भेटतात, कुणी गुडघ्यांवर चढणारंही दिसतं. वरच्या देवळातल्या मारियेची, म्हणजे येशूच्या आईची मूर्ती, म्हणजे लाकडावर रंगवलेलं चित्र, दरवर्षी मे महिन्याच्या आसपास मिरवणुकीने खाली शहरात आणतात, आठवडाभर कॅथेड्रलमध्ये ठेवतात आणि परत वर नेतात, १४३३ पासून. त्या वर्षी पाऊस थांबेना म्हणून पहिल्यांदा खाली आणलं आणि पाऊस थांबला असं सांगतात. मी पहिल्यांदा ती मिरवणूक बघितली तेव्हा रस्त्याच्या कडेला हात जोडून उभ्या असलेल्या बायका बघून मला थेट पालखीच आठवली, बाजूच्या आजींना मोडक्या इटालियनमध्ये मी सांगितलं की आमच्याकडेही देव असा चालत जातो. त्यांनी माझा हात धरला आणि मिरवणूक पुढे जाईपर्यंत सोडला नाही.

सकाळी आठच्या आत निघा, पाण्याची बाटली घ्या, नळाचं पाणी पिण्यासारखं असतं.